दम्मामहून आलेली पेटी

अय्याज दम्मामहून परतला असून जवळा बाजारला आपल्या घरी सुखरूप पोहोचला, ही वार्ता मला दुकानाची फळी उघडण्यापूर्वीच कळली. आणि त्या क्षणापासून माझे चित्त थाऱ्यावर राहिले नाही. औंढा नागनाथच्या मंदिरासमोर माझे नारळ, बेल, कापूर, सुपारी इत्यादी पूजासाहित्याचे लहानसे दुकान आहे. त्या सकाळी एका यात्रेकरूने नारळ मागितला व मी त्यास हळकुंडे बांधून दिली. तो हसला. मला हसता आले नाही. कारण आदल्या सायंकाळी माझी पत्नी सुमनबाई हिने शेवटची गोळी घेतली होती, आणि पुढची गोळी अय्याजच्या पेटीत होती.

सुमनबाईस रक्ताचा कर्करोग आहे. पूर्वी हा शब्द उच्चारताना माझी जीभ अडत असे, आता अडत नाही. प्रथम जी गोळी होती ती आपल्याच देशात बनणारी व स्वस्त होती, आणि तिच्या आधाराने सुमनबाईची कित्येक वर्षे सुखाने गेली. ती दुकानात बसे, महाशिवरात्रीच्या यात्रेत माझ्याहून अधिक विक्री करी, आणि गिऱ्हाइकाने घासाघीस केली तर त्याला असे काही ऐकवी की तो नारळाबरोबर कापूरही घेऊन जाई. परंतु गतवर्षी तिच्या रक्ताने त्या गोळीला जुमानणे सोडले. नांदेडच्या डॉक्टरसाहेबांनी दुसरी गोळी लिहून दिली आणि तिची किंमत सांगण्यापूर्वी आपला चष्मा काढून टेबलावर ठेवला. गोळी परदेशी कंपनीची होती. एका महिन्याच्या गोळ्यांत माझ्या दुकानाचे संपूर्ण वर्ष बुडाले असते. याहून कमी किमतीत ती कोठेच मिळत नाही काय, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले की हेच औषध शेजारच्या बांगलादेशात बनते व तेथे अल्प किमतीत मिळते. रुग्णाच्या स्वतःच्या उपयोगापुरते, चिठ्ठी आणि सरकारी परवाना असेल तर, ते आणताही येते. मात्र आणायचे कसे, ते तुमचे तुम्ही पाहा. आणि एकदा सुरू केले की खंड पडू देऊ नका.

परवाना मिळवण्यासाठी मी किती उंबरे झिजवले ते येथे सांगत नाही. तो मिळाला. परंतु परवान्याला पाय नसतात. औंढ्याच्या मनुष्याला ढाका शहर कोणीकडे आहे हे ठाऊक असण्याचे कारण काय? तेव्हा मला अय्याजची आठवण झाली.

अय्याजचे वडील जलालुद्दीन हे बांगड्यांचे व्यापारी होते. यात्रेच्या दिवसांत त्यांचे बांगड्यांचे दुकान माझ्या दुकानाला लागूनच मांडलेले असे, आणि त्यांची पत्नी चाँदबी भाभी बायकांच्या हातांत बांगड्या भरत. सुमनबाईचा हिरवा चुडा लग्नानंतर प्रथम त्यांनीच भरला. जलालुद्दीनभाई आणि मी एकाच ताटात जेवलो नसू, पण एकाच छत्रीखाली पुष्कळ पावसाळे काढले. त्यांचा हा एकुलता एक मुलगा सौदी देशात दम्माम येथे एका पावाच्या भट्टीत कामाला गेला. तेथे एका खोलीत अनेक देशांची माणसे राहत, आणि अय्याजच्या शेजारच्या खाटेवर निजणारा तरुण ढाक्याचा होता. मी फोन करून सर्व हकिकत सांगितली. त्या ढाक्याच्या तरुणाने आपल्या मेहुण्याकरवी गोळ्या खरेदी केल्या, गावाकडून येणाऱ्या कोणाच्या तरी हाती त्या दम्मामला आल्या, आणि तेथून बसमत किंवा हिंगोलीकडे परतणाऱ्या कोणाच्या तरी सामानातून त्या आमच्यापर्यंत पोहोचल्या. अशा रीतीने माझ्या पत्नीचे औषध शेजारच्या देशातून निघून, समुद्र ओलांडून, वाळवंटातून फिरून औंढ्याला येत होते. मार्ग मूर्खपणाचा होता, पण तो चालत होता. मी त्या गोळ्या देवाच्या तसबिरीमागे ठेवीत असे व दररोज सायंकाळी दुकान बंद केल्यावर स्वतःच्या हाताने एक गोळी सुमनबाईच्या हातावर ठेवीत असे. हा आमचा नेम झाला होता.

या खेपेस अय्याज स्वतःच येणार होता, म्हणून मी निश्चिंत होतो. पण त्याची रजा पुढे ढकलली गेली, विमान बदलले, आणि गोळ्या संपत आल्या. हैदराबादच्या विमानतळावर उतरल्यावर त्याने फोन केला की अधिकाऱ्याने परवाना व चिठ्ठी पाहिली आणि पेटी न उघडताच जाऊ दिले. तेव्हा मला वाटले, की नदी पार झाली. आता केवळ काठावरचा चिखल उरला होता.

मी दुकान शेजारच्या रामसिंगला सांभाळण्यास सांगितले आणि मोटारसायकलीला किक मारली. घरावरून जाताना दारात सुमनबाई उभी होती. तिचा चेहरा अलीकडे पिवळसर दिसे, परंतु आवाज पूर्वीचाच होता.

“लगबगीनं जाऊन तिथं मागू नका लगेच,” ती म्हणाली. “लेकरू लई दिसांनी आलंय. आधी चहा प्या. मग इचारा.”

मी होय म्हणालो. पण रस्त्यात माझ्या मनात गोळीवाचून दुसरा विचार नव्हता. दोन्ही बाजूंनी हरभरा काढलेली राने उघडी पडली होती, आणि एखादी बैलगाडी आडवी आली तरी मला ती हेतुपुरस्सर आडवी आल्यासारखी वाटे.

जवळा बाजारला जलालुद्दीनभाईंच्या अंगणात माणसे जमली होती. अय्याज अंगाने भरला होता, परंतु डोळे खोल गेले होते. त्याने मला काका म्हणून मिठी मारली. ओसरीवर मध्यभागी पेटी होती. जाड पुठ्ठ्याचा तो प्रचंड खोका पोत्याच्या कापडात शिवलेला, वरून निळ्या दोरीने आवळलेला होता, आणि कापडावर मोठ्या अक्षरांत अय्याजचे नाव व गाव लिहिलेले होते. सुमनबाईच्या गोळ्या तिच्यात होत्या. इतक्या जवळ, आणि तरी दोरीपलीकडे.

मी चहा प्यालो. दुसराही प्यालो. माणसांनी दम्मामच्या उन्हाविषयी विचारले, पगाराविषयी आडून विचारले, अय्याजने हसून उत्तरे दिली. पेटीला कोणी हात लावला नाही. काही वेळाने माणसे पांगली. अखेर मी हळूच म्हणालो, की अय्याज, तुझ्या काकूची वस्तू तेवढी काढून दिलीस तर मी निघतो.

अय्याजने आईकडे पाहिले. चाँदबी भाभी भिंतीला टेकून आडकित्त्याने सुपारी कातरत होत्या. त्यांनी कातरणे थांबवले नाही.

तेव्हा मला समजले की प्रकरण काय आहे. या घरात जलालुद्दीनभाईंनी पाडलेली एक रीत होती. परदेशातून आलेली पेटी वाटेत किंवा घाईत उघडायची नाही. घरच्या लेकीने यावे, तिने आपल्या हाताने दोरी सोडावी, आणि पहिली वस्तू तिची, मग इतरांची. अय्याज पहिल्यांदा आला तेव्हा त्याची बहीण खुशनुमा शिरड शहापूरहून येईपर्यंत पेटी दोन रात्री तशीच राहिली होती, व जलालुद्दीनभाईंनी ती गोष्ट मला मोठ्या अभिमानाने सांगितली होती. परंतु त्यानंतर जलालुद्दीनभाई निवर्तले. अय्याजला भट्टीच्या मालकाने सोडले नाही, आणि बापाच्या मयतीला मुलगा खांदा देऊ शकला नाही. खुशनुमाने त्या दिवसापासून भावाशी बोलणे टाकले होते. आता ती म्हणत होती की तिच्यासाठी पेटी अडवून ठेवू नये, ती येणार नाही. आणि चाँदबी भाभी म्हणत होत्या की मग पेटी उघडणारच नाही.

“अम्मीनं अब्बाची कसम घातली, काका,” अय्याज खाली मान घालून म्हणाला. “मी दम्मामलाच वायलं काढून ठिवायला पायजे व्हतं. डोस्क्यातच आलं न्हाई.”

मी भाभींना समजावू लागलो. सुमनबाईची गोळी काल संपली, खंड पडणे धोक्याचे आहे, हे सर्व सांगितले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, पण पेटीकडे हात गेला नाही. त्या इतकेच म्हणाल्या, की उद्या येईल, परवा येईल, पोरगी येईलच. ही पेटी उघडली तर ती कशासाठी येईल? मला त्यांचे बोलणे अनुचित म्हणता येईना. त्यांच्यापाशी लेकीला घरी ओढणारी एकच दोरी उरली होती, आणि ती निळी दोरी त्या पेटीभोवती गुंडाळलेली होती. तथापि माझ्यापाशीही दुसरे काही नव्हते.

अशा वेळी मनुष्याच्या मुखातून त्याच्या धंद्यातलेच शब्द बाहेर पडतात. त्यांच्या हातातील सुपारी पाहून मला एक युक्ती सुचली व ती मी उतावीळपणे बोलून गेलो.

“भाभी, आमच्यात पूजेला जोडीदारीण हजर नसली तर तिच्या जागी सुपारी मांडत्यात. खुशनुमाच्या नावानं एक सुपारी ठिवा अन् दोरी सोडा. कसम मोडत न्हाई.”

आडकित्ता थांबला. अय्याज माझ्याकडे पाहत राहिला. भाभी फार हळू बोलल्या.

“ती सुपारी मेलेल्या बाईच्या जागी ठिवत्यात ना, भाऊ? तुमच्या दुकानात बसून म्या समदं पाहिलं हाय. माझी पोरगी जित्ती हाय.”

मी काय बोललो ते मला तेव्हा कळले. माझ्या दुकानातून विधुर मनुष्य सुपारी घेऊन जातो, आणि परगावी गेलेल्या बायकोसाठीही सुपारी नेतात. मला दुसरी गोष्ट म्हणायची होती, त्यांनी पहिली ऐकली.  ज्या घरात मी एका मरणाला टाळण्यासाठी आलो होतो, त्याच घरात एका जिवंत मुलीचे मरण मांडून बसलो. मी उठलो. अय्याजने कोठे निघालात म्हणून विचारले. मी म्हणालो, शिरड शहापूरला.

त्याने माझ्यामागे बसण्यासाठी पाऊल टाकले आणि पुन्हा मागे घेतले. “मला पाहून दारच लावील ती,” तो म्हणाला. “तुमीच जा.”

शिरड शहापूरला पोहोचेपर्यंत ऊन माथ्यावर आले होते. गावात जिकडेतिकडे उकडलेली हळद वाळत घातली होती व तिचा उग्र वास नाकात बसत होता. खुशनुमाचे सासर पेठेच्या टोकाला होते. ती ओट्यावर शिलाई यंत्रावर बसून कोणाचे तरी झबले शिवत होती. मला पाहताच तिने पदर सावरला, पाणी आणले, आणि काकूची प्रकृती विचारली. मी कसाबसा घोटभर पाणी प्यालो व आडपडदा न ठेवता सगळे सांगितले. सुपारीचेही सांगितले, कारण ते तिला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेले बरे.

मला वाटले ती रागावेल. परंतु तिच्या ओठांच्या कडा हलल्या.

“मला सुपारी करून टाकली व्हय काका? मग आणायची की एखादी चांगली, रोठा सुपारी. ही घरची बारकी कातरून अम्मीचे दात गेले.”

मीही हसलो. तिने यंत्राचे चाक हाताने थांबवले.  ओट्याखाली कोंबड्या हळदीच्या बाजूने उकरत होत्या, तिने एक चिंधी फेकून त्यांना हाकलले. मी तिला घाई करू इच्छित नव्हतो आणि माझे दोन्ही पाय मात्र जमिनीवर स्वस्थ राहत नव्हते.

अखेर ती म्हणाली की ती येईल, मात्र एका गोष्टीवर. अय्याजने आता परत जायचे नाही. अम्मी एकटी आहे, अब्बांच्या बांगड्यांचे दुकान पडून आहे. स्वतः ती हे त्याला सांगणार नाही, कारण तिचे ऐकून तो राहिला तर जन्मभर तिला बोल लावील. अम्मी सांगणार नाही, कारण आई मुलाला त्याच्या पोटापाण्यापासून तोडीत नाही. हे मी सांगावे.

“तुमी अब्बाच्या जागी हायत. तुमचं तो ऐकतो.”

 ती मुलगी माझ्याकडे अशा दृष्टीने पाहत होती की मला आपले मन उघडे पडल्यासारखे झाले.

“मला ठाऊक हाय, काका,” ती म्हणाली. “त्यो गेला तरच काकूच्या गोळ्या येत्यात. म्हणूनच तुमच्या तोंडून पायजे. ज्याचं नुसकान व्हतंय त्यानं सांगितलं तरच त्याला खरं वाटंल.”

हे बोलणे ऐकून माझ्या हृदयात दोन बाजूंनी ओढ लागली. एकीकडे पेटीतील गोळ्या होत्या, ज्या आज मिळाल्या पाहिजेत. दुसरीकडे पुढील सर्व गोळ्या होत्या, ज्या आज मी सोडून देणार होतो. आजची गोळी हवी तर उद्याचा मार्ग आपल्याच तोंडाने बंद करायचा. आणि या सर्वांहून मोठी गोष्ट ही, की तिची मागणी अन्यायाची नव्हती. जलालुद्दीनभाईंच्या मयतीत मी उपस्थित होतो. चौघांनी खांदा दिला, त्यांत रक्ताचे कोणी नव्हते. मी जनाज्याच्या मागे चप्पल हातात घेऊन चाललो होतो आणि मनात म्हणालो होतो, की हे बरे नाही.

मी होय म्हणालो. होय म्हणताना मला सुमनबाईचा पिवळसर चेहरा दिसला, आणि तरी मी होय म्हणालो.

खुशनुमाने सासूला विचारून बुरखा घातला व माझ्यामागे मोटारसायकलीवर बसली.  परतीच्या वाटेवर मी मनात वाक्ये जुळवीत होतो. एखादे असे वाक्य, ज्याने वचनही पाळले जाईल आणि अय्याजही जाईल. असे वाक्य कोणत्याही भाषेत नसावे. जवळा बाजारची पाण्याची टाकी दिसू लागली तेव्हा माझ्या मनात असाही पापी विचार येऊन गेला, की प्रथम गोळ्या हातात पडू देत, मग विसरल्यासारखे करता येईल.

अंगणात खुशनुमा उतरली. भाभी उभ्या राहिल्या, पण पुढे आल्या नाहीत. जणू पुढे गेल्यास ती परत फिरेल. अय्याजने सलाम केला. तिने उत्तर दिले नाही. ती सरळ ओसरीवर चढली, आईच्या पानाच्या डब्यातून आडकित्ता उचलला, आणि त्या आडकित्त्यानेच निळी दोरी व शिवण कचाकच कापली. अशा रीतीने ती पेटी उघडली गेली, जिच्यासमोर माझा अर्धा दिवस आणि सर्व धैर्य गेले होते.

वर खजुराच्या पिशव्या होत्या, अत्तराच्या बाटल्या, एक जाड रग, लहान मुलांचे कपडे. खुशनुमा एकेक वस्तू काढून शेजारी ठेवीत होती, स्वतःसाठी काही निवडत नव्हती. तळाशी तिला एक शाल लागली. गडद हिरवी, पुरुषाची, नव्याने घडी केलेली. तिने ती उचलली तशी तिच्यातून औषधाचे तीन लहान खोके खाली पडले. मी पुढे झेपावलो, पण हात मध्येच थांबवला.

“ही कुनाची?” तिने भावाकडे न पाहता विचारले.

“अब्बाला घेतली व्हती,” अय्याज म्हणाला. “त्ये जायच्या आधी. तवाच पाठवायची व्हती, पर येणारा कुनी न्हवता. मऊ हाय म्हून काकूच्या गोळ्या तिच्यात गुंडाळल्या. फुटू नये म्हून.”

खुशनुमा ती शाल घेऊन खाली बसली. तिने तोंड शालीत लपवले, आणि तिचे खांदे हलू लागले. अय्याज तिच्या शेजारी बसला व त्याने आपला हात जमिनीवर, तिच्या हाताजवळ, पण न लागेल असा ठेवला. थोड्या वेळाने तिने तो ढकलला. मग तिने तो धरला. चाँदबी भाभी चुलीकडे गेल्या आणि तेथे भांडी उगाच इकडची तिकडे करू लागल्या.

मग खुशनुमाने डोळे पुसले, औषधाचे ते तिन्ही खोके उचलून माझ्या ओंजळीत दिले, आणि माझ्याकडे पाहिले.

खोके माझ्या हातात होते. वजन म्हणावे तर एका नारळाएवढेही नव्हते. पेटी उघडली होती, भावंडे बोलू लागली होती. मी गप्प राहिलो असतो तर मला कोणी अडवले नसते. कदाचित तिनेही अडवले नसते. हाच विचार मला सर्वांत असह्य झाला.

“अय्याज,” मी म्हणालो, “आता जाऊ नको बाबा परत. भाभी एकल्या हायत. तुझ्या अब्बाचं दुकान माझ्या बाजूला मांड. यात्रेला दोघं बसू.”

तो चकित झाला. त्याने प्रथम बहिणीकडे, मग माझ्या हातातील खोक्यांकडे पाहिले.

“अन् काकूचं कसं?”

“ते मी बघतो,” मी म्हणालो. कसे बघणार, हे मला मुळीच ठाऊक नव्हते.

 त्याने मान खाली घातली, आणि मला दिसले की तो ते मानणार आहे. कदाचित हे वाक्य कोणीतरी म्हणावे याचीच तो दम्मामपासून वाट पाहत होता. भाभींनी मला जेवून जाण्याचा आग्रह केला. मी थांबू शकलो नाही.

घरी पोहोचलो तेव्हा सुमनबाई दारातच बसली होती. मी घाईने तांब्याभर पाणी आणले, खोका उघडला व नेमाप्रमाणे एक गोळी तिच्या हातावर ठेवली. तिने ती गिळली. माझ्या छातीवरचा दगड उतरला, पण त्याच्या जागी दुसरा चढला. ती म्हणाली, एवढा उशीर काहून झाला? मी सांगू लागलो. सुपारीच्या गोष्टीला ती हसली व मला वेडे म्हणाली. शालीच्या गोष्टीला तिने डोळ्याला पदर लावला. आणि वचनाच्या गोष्टीवर तिने पदर डोळ्यावरून काढला.

मला वाटत होते की ती म्हणेल, बरे केलेत. सत्य सांगायचे तर मी संपूर्ण वाटेने तीच अपेक्षा करीत आलो होतो. माझ्या त्यागाला तिच्या मुखातून मान्यता मिळेल, असे मला वाटले होते.

“मला इचारलं का तुमी?” ती म्हणाली.

मी म्हणालो, वेळ नव्हता.

“फोन व्हता ना खिशात? गोळी मी खाते. रगत माझं. अन् शब्द तुमी देऊन आलात.” तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो मला अधिक लागला. “मी बी हेच म्हनले असते कदाचित. पर मी म्हनले असते.”

 त्यागाचे पुण्य मी घेऊन आलो होतो, आणि ज्या वस्तूचा त्याग केला ती माझी नव्हतीच. सुमनबाईने बोलणे वाढवले नाही. तिने तिन्ही खोके उचलले व तसबिरीमागे न ठेवता आपल्या कापडी पिशवीत ठेवले. सकाळी जवळा बाजारला ती स्वतः येणार आहे, एवढे सांगून ती भाकरी करायला उठली.

दुसऱ्या दिवशी मी तिला मोटारसायकलीवर बसवून सावकाश घेऊन गेलो. तिने चाँदबी भाभींकडून आधी बांगड्या भरून घेतल्या. हात कृश झाल्याने बांगड्या सैल पडत होत्या, आणि भाभी लहान मापाच्या शोधत होत्या. हे होईपर्यंत कोणी औषधाचा विषय काढला नाही. मग सुमनबाई अय्याजला म्हणाली की तू राहा किंवा जा, ते तुझे तू व तुझी आई ठरवा. पण तो ढाक्याचा मुलगा कोण आहे तो मला दाखव.

अय्याजने फोन लावला. पडद्यावर पिठाने माखलेला एक तरुण दिसला, मागे भट्टीचा लाल उजेड होता. अय्याजने त्याला हिंदीत सांगितले की ही माझी काकू. तो गडबडला व त्याने हात पुसून सलाम केला.

“सलाम बाबा,” सुमनबाई म्हणाली. हिंदी तिला बाजारापुरतीच येते. “वो गोली खानेवाली मैंच हूँ.”

तो तरुण हसला आणि तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणाला. ती त्याच्याशी पुष्कळ बोलली. त्याची आई कशी आहे, भट्टीत किती वाजता उठावे लागते, हे प्रथम विचारले. आणि त्यानंतर विचारले की त्याचा मेहुणा ढाक्याहून सरळ औंढ्याच्या पत्त्यावर, परवान्याच्या नकलेसह पार्सल पाठवील काय. तो म्हणाला, विचारून सांगतो. पाठवता येत असावे, पण किती दिवस लागतील, मध्ये कोठे अडेल, हे त्याला सांगता येणार नाही. सुमनबाई म्हणाली की परवान्यावर माझे नाव आहे, अडले तर मी स्वतः जाऊन सोडवीन. तिने हे अशा स्वरात म्हटले, जसे यात्रेत एखाद्या हट्टी गिऱ्हाइकाला म्हणत असे.

फोन बंद झाला. काहीही निश्चित झाले नव्हते. खोके तीन होते, आणि ते संपण्यापूर्वी ढाक्याहून काही यावे किंवा येऊ नये. मी अस्वस्थपणे अंगणात येरझाऱ्या घालू लागलो. अय्याज पेटीचा रिकामा पुठ्ठा दुमडून भिंतीशी लावत होता, आणि खुशनुमा, जी रात्री माहेरीच राहिली होती, त्याला तो ठेवू नको, फाडून टाक, असे म्हणत होती.

सायंकाळी औंढ्यास परतल्यावर मी सवयीने तसबिरीमागे हात घातला. तेथे काही नव्हते. आत सुमनबाईने पाण्याचा तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. ती गोळी घेऊन मोकळी झाली होती.